मोटारहोमचं दार : सकाळी लागतं, दुपारी लागत नाही, वावरात उघडत नाही

मोर्शीचा_कास्तकार
२ मे, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. आम्ही मोर्शी तालुक्यातले, संत्र्याचे कास्तकार. मागल्या दिवाळीत एक वापरलेलं मोटारहोम घेतलं. मिनीबसच्या चेसिसवर बांधलेलं आहे. आत दोन पलंग, छोटा ओटा आणि संडास. हौसेसाठी घेतलेलं नाही. बाबांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू अजून कमजोर आहे. त्यांना शेगाव, रामटेक, माहूर सगळं एकदा पाहायचं आहे आणि रस्त्यात दर दीड तासाला संडास शोधणं शक्य होत नाही. २०२१ साली राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून डोक्यात होतं. शेवटी जुनी का होईना, गाडी घेतली.

गाडी चालते छान. त्रास आहे तो मागच्या भागाच्या दाराचा. दार डाव्या बाजूला आहे, कब्जे पुढच्या अंगाला. उंची १७२० मिमी, रुंदी ६०० मिमी, जाडी ३०. दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा, मधे थर्माकोल, कडेनं लाकडी पट्ट्या.

सकाळी सहाला दार एका हातानं लागतं, उलट थोडं खडखडतं. दुपारी दोन-तीन वाजता खांदा लावून ढकललं तरी लॅच धरत नाही. वावरात गाडी उभी केली की कधी उघडायलाच मागत नाही. खालची कड उंबरठ्याला घासते. धामणगावजवळ समृद्धीवर चढलो आणि ८०च्या पुढे गेलो की वरच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते. अवकाळी पावसात पायरीजवळ पाणीही आत आलं.

मी आतापर्यंत काय केलं तेही सांगतो. लॅच नवं बसवलं. दुपारी धरत नव्हतं म्हणून स्ट्रायकरचं (चौकटीवरच्या ज्या तुकड्यात लॅच अडकतं त्याचं) तोंड कानशीनं चार मिमी मोठं केलं. कब्जांना ऑइल घातलं, बीडिंगला म्हणजे दाराभोवतीच्या रबरी पट्टीलाही घातलं. फरक पडला नाही.

आता मूळ भीती. महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेलो होतो. वैनगंगेकडे उतरत्या जमिनीवर गाडी लावली, मी पाणी आणायला गेलो. परत आलो तर दार उघडेना. बाहेरून मी ओढतोय, आतून आई ढकलते आहे, बाबा पलंगावर. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये पक्कं पार्टिशन आहे, त्यामुळे दुसरी वाट नाही. पंचवीस मिनिटांनी मागच्या खिडकीचं रबर कापून काच काढली आणि मी आत शिरलो. मग भाच्यानं गाडी दहा फूट पुढे घेतली आणि दार बोटानं उघडलं.

त्या दिवसापासून आई आत बसायला तयार नाही. दार नवं करावं का? की काही वेगळंच आहे?

वर्धेकाठ
२ मे, रात्री ११.०५

खालची कड घासते ना, मग रंधा मारून पाच मिमी कमी करा. आमच्या घराच्या दाराला दर पावसाळ्यात हेच करतो. वीस मिनिटांचं काम आहे.

जुना_बॉडीफिटर
३ मे, सकाळी ६.१५

कास्तकार भाऊ, पयले त कानस खाली ठेवा. आन वर्धेकाठ भाऊ, रागावू नका, पण रंधा बी नाई. मी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपात बॉडी सेक्शनले होतो, सारी नोकरी त्यातच गेली. दार बिघडते तवा मानूस लॅचच पाह्यते, कारण हात तिथंच लागते. पण लॅच सगळ्यात शेवटी पाह्याचं. पयले गाडीची लेव्हल, मंग चौकट, मंग कब्जे, मंग बीडिंग, आन या साऱ्याईच्या नंतर लॅच. तुम्ही उलटे चालले.

तुमच्या लिव्हण्यात एक गोष्ट लाखमोलाची हाये. गाडी दहा फूट पुढं घेतली आन दार आपोआप उघडलं. म्हंजे दार त्या वेळी फुगलं नव्हतं, लॅच अटकलं नव्हतं. चौकट वाकडी झाली होती आन गाडी सपाट जाग्यावर येताच सरळ झाली.

आता हे करून सांगजा. गाडी खळ्याच्या सिमेंटवर घ्या. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आन मंग उलट. दोन्ही आकडे कागदावर लिव्हा. मंग तीच गाडी वावरात नेऊन, एक चाक जरा खड्ड्यात ठेवून पुन्हा मोजा. दुसरं, दार अर्धं उघडा, हँडलकडच्या कडेले खालून धरून उचला. कोनता कब्जा हालते ते दुसऱ्या मानसानं पाह्याचं. तिसरं, छताची खिडकी उघडी ठेवून दार लावून पाहा. आतली हवा जायले वाट नसली त चांगलं दार बी परत येते.

वणी_रोड
३ मे, सकाळी ९.३०

कब्जांना आणि लॅचला ऑइल घातलंत ते पुसून काढा. आमच्याकडे वणी-घुग्घूस पट्ट्यात कोळशाची धूळ असते, तुमच्याकडे मातीची असेल. ऑइल-ग्रीसमध्ये धूळ बसली की तिची पॉलिश पेस्ट होते आणि लॅचची आतली जीभ झिजत जाते. मी ट्रकच्या दारांना रॉकेलनं धुऊन, वाळवून, ग्रेफाइटची पूड मारतो. ती कोरडी असते, धूळ चिकटत नाही.

आणि बीडिंगला ऑइल अजिबात नको. गाडीच्या दाराचं रबर बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. खनिज तेलानं ते फुगतं, मऊ होतं आणि मग सुटतं. त्याला टाल्कम पावडर किंवा सिलिकॉन ग्रीस. आपल्याकडे जळालं ऑइल सगळ्यावर फासायची सवय आहे, रबराचा जीव त्यातच जातो.

निंबोळी
३ मे, दुपारी ३.४५

मी हिंगणघाटला शाळेत विज्ञान शिकवते. मोटारहोम कधी जवळून पाहिलेलं नाही, पण सकाळ-दुपारच्या फरकाबद्दल थोडं सांगू शकते. फिटरकाका म्हणतात ती चौकटीची अडचण वेगळी आणि ही वेगळी असावी. दोन्ही एकत्र आल्यामुळे तुम्ही गोंधळलात.

ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रोमीटर वाढतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ असतं, पश्चिमेच्या उन्हात उभा असलेला गडद पत्रा ६५च्या आसपास सहज जातो. आतला पत्रा समजा ४० आहे. म्हणजे बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा २५ अंशांनी जास्त तापलेला. १७२० मिमी उंचीला हा फरक होतो सुमारे १ मिमी. ऐकायला काहीच नाही. पण दोन्ही पत्रे ३० मिमी अंतरावर घट्ट चिकटवलेले आहेत, त्यामुळे बाहेरचा लांब झाला की अख्खं दार धनुष्यासारखं बाहेरच्या बाजूला वाकतं. हिशेब केला तर मधोमध ७ मिमीपर्यंत पोट येऊ शकतं. कब्जे एका बाजूला धरून ठेवतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी येईल. आणि लॅच नेमकं मधोमध असतं!

म्हणून दुपारी लॅच स्ट्रायकरपर्यंत पोचत नाही. तुम्ही दुपारच्या दाराला जुळवायला स्ट्रायकर कानसला, आणि आता सकाळचं सरळ दार त्याच स्ट्रायकरमध्ये सैल बसतं. खडखड त्याचीच असेल, शिट्टीसुद्धा.

खात्री करायची असेल तर दाराच्या मोकळ्या कडेला वरून खाली दोरा ताणा आणि मधोमध दोरा व कड यांच्यातलं अंतर सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजा. दाराचा रंग कोणता आहे?

मोर्शीचा_कास्तकार
५ मे, रात्री ९.१०

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, आईला वाचून दाखवलं.

रंग गडद चॉकलेटी आहे ताई. दोऱ्याचं मोजलं. सकाळी जेमतेम १ मिमी, दुपारी तीनला ५ मिमी, पोट बाहेरच. मग ओली गोणपाटं दारावर पाऊण तास टाकून ठेवली तर २ वर आलं आणि लॅच धरलं. मी चार महिने लॅचला दोष देत होतो.

काका, कर्ण मोजले. खळ्यावर १८२२ आणि १८२१. वावरात मागचं डावं चाक चाकोरीत ठेवलं तर १८२४ आणि १८१९. पाच मिमीचा फरक. आणि त्याच वेळी दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला टेकलेलं दिसलं, कागद जात नव्हता. दार उचलून पाहिलं तर वरचा कब्जा हलतो. स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी जमली आहे. छताची खिडकी उघडी ठेवल्यावर दार थोडं हलकं लागतं, पण तेवढ्यानं भागत नाही.

जुना_बॉडीफिटर
५ मे, रात्री ९.५५

पाच मिमी कर्णात म्हंजे चौकटीचा माथा पायाच्या मानानं सात-आठ मिमी सरकला. दाराच्या कडेले फट किती, पाच-सहाची. मंग दार अटकनारच.

कोनतीबी गाडी वाकड्या जाग्यावर थोडी पिळते, एसटी बी पिळते. पण खळ्यावर एक आन वावरात पाच, हे जास्त हाये. आता बाहेरून टॉर्च तिरपा धरून पाहा. दाराच्या वरच्या दोन कोपऱ्याईपासून पत्र्यावर तिरपी सुरकुती गेली हाये का? आन आतून, दाराच्या बाजूचं पॅनल ठोकून पाहा, मूळ बसचा खांब कुठं लागते?

पांढरी भुकटी म्हंजे ॲल्युमिनियमवर लोखंडी स्क्रू बसले, पानी गेलं, आन दोन धातू एकमेकाले खाऊ लागले. भोक मोठं होत जाते, स्क्रू कितीबी आवळा, फिरतच राह्यते.

पळसफूल
६ मे, सकाळी ११.२०

मधे बोलते, कारण मार्कंड्याचा प्रसंग वाचून झोप लागली नाही. माझे सासरे व्हीलचेअरवर असतात. दार दुरुस्त होईल तेव्हा होईल. त्याआधी आतून उघडणारी दुसरी वाट करून घ्या. बसच्या बांधणीची एआयएस-०५२ संहिता आहे, तिच्यात आपत्कालीन बाहेर पडण्याची वाट बंधनकारक धरलेली आहे. कोणी स्वतः गाडी बांधून घेतं तेव्हा नेमकी हीच गोष्ट सुटते. तुमच्या गाडीत गॅसची शेगडी असेल तर ही पहिली गोष्ट करा, दुरुस्ती नंतर. मागची खिडकी बिजागरीवर घ्या, आतून दोन खिट्ट्या, आणि खिट्टी आईंच्या ताकदीनं उघडते का ते त्यांच्याच हातानं पाहा. शिवाय पार्टिशनला एक छोटं दार पाडता आलं तर बघा.

मोर्शीचा_कास्तकार
८ मे, रात्री ८.३०

ताई, तुमचं आधी केलं. मागची खिडकी आता वरच्या कब्जांवर आहे, आईनं तीन वेळा स्वतः उघडून पाहिली. शेगडीचं सिलिंडर तूर्तास काढून ठेवलं.

काका, सुरकुती आहे. दोन्ही कोपऱ्यांतून, मागच्या बाजूला जास्त. चारेक इंच तिरपी. रंगाखाली लपली होती, टॉर्च लावल्याशिवाय दिसलीच नसती. मग आतलं पॅनल काढलं. तुम्ही ते कसं ओळखलंत कळत नाही. दार रुंद करायला बसचा मूळ उभा खांब गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेला आहे आणि त्याच्या जागी लाकडी पट्टी पत्र्याला स्क्रूनं बसवली आहे. खालची आडवी पट्टीसुद्धा पायरीसाठी कापली आहे, ती पुन्हा जोडलेलीच नाही.

फोटो टाकले आहेत. ज्यानं गाडी बांधली तो कुठला, हे आम्हाला विकणाऱ्यालाही माहीत नाही.

जुना_बॉडीफिटर
८ मे, रात्री १०.४०

फोटो पाह्यले. जीव दुखला.

बसची बॉडी म्हंजे डबा असते. एका बाजूले मोठं भोक पाडलं आन त्याच्या भवताल फ्रेम नाई दिली त डब्याची ताकद जाते. भोकाच्या कोपऱ्याईवर सारा जोर येते, म्हून सुरकुती तिथंच पडते. तुमचं दार इतके दिवस खांबाचं काम करून रायलं होतं. दार ते काम कसं करन?

आता इलाज. दाराच्या भवताल चारी बाजूनं चौकोनी पाइपची फ्रेम. ४० बाय ४०, दोन मिमी जाडीचा पाइप चालन. ते फ्रेम खाली चेसिसच्या आडव्या मेंबरले आन वर छताच्या कमानीले जोडली पाह्यजे. नुसती पत्र्याले चिकटवली त काई उपयोग नाई. कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या. कापलेला खांब फ्रेमले वेल्ड करून पुन्हा खालपर्यंत न्या. वेल्डिंगच्या आधी गाडी चार जॅकवर लेव्हल करा, पानसळ लावून, आन कर्ण एकसारखे आले का मंगच टाका मारा. वाकड्या गाडीत वेल्डिंग केलं त वाकडेपना कायमचा बसते.

बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा. भवतालचा थर्माकोल अन् फोम फूटभर तरी काढा, तो पटकन पेट घेते. पान्याची बादली आन मानूस बाजूले पाह्यजे.

वर्धेकाठ
९ मे, सकाळी ७.५०

रंध्याचा सल्ला मागे घेतो. कड रंधून टाकली असती तर खांब कापलेला आहे हे कळलंच नसतं.

एक विचारतो. अशा कामाला आरटीओचा काही त्रास?

पळसफूल
९ मे, सकाळी १०.१५

गाडीच्या मूळ नोंदीतली रचना बदलत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. इथे मोडलेलं पूर्ववत करणं आहे. तरी नोंदणीच्या पुस्तकात बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे ते पाहून घ्या आणि कामाचे फोटो, बिल जपून ठेवा.

मोर्शीचा_कास्तकार
२४ मे, रात्री १०.००

काम झालं. पंधरा दिवस लागले, त्यातले सहा नुसते चांगला वेल्डर मिळण्यात गेले, लग्नसराई होती. अमरावतीच्या एका बॉडीवाल्याकडे केलं. काकांनी फोनवर त्याच्याशी दोनदा बोलून घेतलं, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

फ्रेम काकांनी सांगितली तशीच. आता वावरात त्याच चाकोरीत चाक ठेवून मोजलं तर कर्णांत १ मिमीचा फरक येतो.

दार उतरवलं तेव्हा खालची लाकडी पट्टी हातात चुरा होऊन आली. खालच्या रिव्हेटच्या ओळीतून पाणी आत जात होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. घासणं त्याचंच. साधं लाकूड भिजून फुगलेलं. आता सागाची पट्टी बसवली आहे. आलापल्लीच्या सागाचा एक जुना चौकटीचा तुकडा घरी पडून होता, आजोबांच्या वेळचा, तोच कापला. चारी बाजूंनी आणि मुख्य म्हणजे दोन्ही टोकांना इपॉक्सी पाजली. पाणी टोकाकडूनच जास्त शिरतं असं सुतार म्हणाला. खाली ६ मिमीची तीन भोकं पाडली, पाणी गेलंच तर निघून जाईल.

कब्जे तीन होते, तेच ठेवले. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, आतून पट्टी. बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये नायलॉनचे वायसर आणि सीलंट.

दारावर बाहेरून एक वाकडी पट्टी लावली, घराच्या वळचणीसारखी. छतावरचं पाणी आता दाराच्या फटीवर न येता पुढे पडतं.

राहिलं बीडिंग. दुकानात आठ, दहा, बारा, पंधरा मिमी सगळं मिळतं. कोणतं घेऊ? पहिल्या वेळी मी सगळ्यात जाड घेतलं होतं, पाणी येऊ नये म्हणून.

निंबोळी
२५ मे, सकाळी ८.१०

कणकेनं मोजा. पोळ्यांसाठी मळतो त्यापेक्षा घट्ट कणीक, त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. चौकटीवर बीडिंग जिथे बसतं तिथे वर, खाली, बाजूंना, कोपऱ्यांत आठ-दहा ठिकाणी लावा. दार नीट लॅचपर्यंत लावा, हळूच उघडा. प्रत्येक गोळी किती जाडीची राहिली ते मोजा. तेवढीच तिथली फट. हे सकाळी करा, दार सरळ असतं तेव्हा.

सगळीकडे जाडी जवळपास सारखी आली पाहिजे. वर ५ आणि खाली ९ आली तर बीडिंग घेऊ नका, आधी कब्जाखाली पॅकिंग घाला. पोकळ बीडिंग साधारण एक-तृतीयांश दबलं की पाणी अडतं आणि रबर थकतही नाही. जाड बीडिंग सतत दार बाहेर ढकलत राहतं, लॅच आणि कब्जे दोघांवर ताण.

जुना_बॉडीफिटर
२५ मे, सकाळी ८.४०

ताई, तीस वर्स आम्ही गेरू फासून पाह्यलं, बीडिंगवर गेरू लावाचा आन दाराले डाग कुठं लागते ते पाह्याचं. डाग लागला का नाई ते समजते, पण फट किती ते समजत नव्हतं. कनकेचं चांगलं हाये.

भाऊ, बीडिंगचा सांधा वर ठेवू नका. खालच्या बाजूले, मधोमध. आन लावताना ताणू नका. ताणलेलं रबर दोन महिन्यात आकसते आन सांध्यात फट पडते. उलट बोटभर जास्तच दाबून बसवा.

मोर्शीचा_कास्तकार
२८ मे, रात्री ९.२५

आईनं गोळ्या केल्या, बाबा आकडे सांगत होते आणि मी लिहीत होतो. पहिल्यांदा वर ६ आणि खाली ९ आलं. खालच्या कब्जामागे पत्र्याच्या चकत्या होत्या त्या काढल्या, वरच्यामागे एक घातली, असं तीनदा करावं लागलं. शेवटी सगळीकडे साडेसहा ते सात. दहा मिमीचं पोकळ बीडिंग घेतलं.

मग शेवटी लॅच. मी कानसलेला स्ट्रायकर फेकला, नवा आणला. दोन टप्प्यांचं लॅच आहे, एकदा टक वाजतं ते अर्धवट, दुसऱ्यांदा वाजतं ते पूर्ण. स्ट्रायकरखाली दोन मिमीची चकती घालून तो थोडा बाहेर घेतला, म्हणजे दुपारी पोट आलं तरी पहिला टप्पा तरी धरतो, आणि मग हातानं दाबलं की दुसरा. सकाळीही खडखड नाही.

दार पांढरं रंगवलं. दुपारी तीनला दोरा लावला, अडीच मिमी. आणि गाडी लावताना आता दुपारनंतर दार पूर्वेला राहील असं बघतो.

वणी_रोड
२९ मे, सकाळी ७.००

समृद्धीवर नेऊन पाहिलीत का? शिट्टी गेली की नाही ते सांगा. वेगात गाडीच्या बाजूनं हवा धावते तेव्हा बाहेरचा दाब कमी होतो, दार बाहेर ओढलं जातं, आणि वरचा मागचा कोपरा लॅचपासून लांब म्हणून तोच आधी उघडतो.

मोर्शीचा_कास्तकार
१९ जुलै, संध्याकाळी ६.४०

उशिरा लिहितोय, पेरणी आणि संत्र्याच्या फवारण्या सुरू होत्या. शिट्टी गेली. ९०ला सुद्धा नाही.

पावसाचा पहिला मोठा झटका आठ तारखेला आला, रात्रभर. पायरीजवळ जुना पांढरा कापड अंथरून ठेवला होता. सकाळी कोरडा. खालच्या तीन भोकांपैकी मधल्यातून थेंब येत होते, म्हणजे कुठूनतरी अजून थोडं आत जातं आहे, पण निघूनही जातं.

काळ्या मातीत गाडी लावायची पद्धतही बदलली. उन्हाळ्यात भेगा, आता चिखल, चाक एका रात्रीत बोटभर खचतं. खळ्याजवळ गिट्टी टाकून दोन पट्टे केले, बाहेरगावी सोबत चार जाड फळ्या नेतो. पाणसळ फरशीवर ठेवायची, लेव्हल आल्यावरच बाबांना उतरवायचं.

पळसफूल
१९ जुलै, रात्री ८.०५

आई आत बसतात का आता?

मोर्शीचा_कास्तकार
१९ जुलै, रात्री ८.३०

बसते. पण निघताना आणि पोचल्यावर दार एकदा स्वतः उघडून बघते, मागची खिडकीही. मी काही म्हणत नाही.

चिखलदरा_वाट
२१ डिसेंबर, रात्री ११.१५

जुना धागा वर काढतो, माफी. मी छोट्या व्हॅनवर असंच घर बांधतो आहे. दाराची रचना तुमच्यासारखीच. चिखलदऱ्याला थंडीत मुक्काम केला तर वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांतून गार हवा येते, मधोमध घट्ट. घरी गावात असं होत नाही. चौकटीचे कर्ण बरोबर आहेत.

निंबोळी
२२ डिसेंबर, सकाळी ७.३०

तुमचं दार उलट्या बाजूला वाकतं आहे. आत माणसं आणि शेगडीची ऊब, बाहेर गारठा, म्हणून आतला पत्रा लांब. मधोमध लॅचनं धरलेलं, कोपरे बाहेर. वर आणि खाली एकेक छोटी दाबणारी खिट्टी आतून लावा, रात्रीपुरती. पण ती कुणालाही अंधारात एका हातानं उघडता आली पाहिजे, पळसफूल ताईंनी वर लिहिलं आहे ते वाचा. आणि शेगडी पेटवून हवेच्या सगळ्या फटी बंद करू नका. छताची खिडकी थोडी उघडी हवीच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चिखलदरा_वाट
२२ डिसेंबर, दुपारी १.००

धन्यवाद ताई. कास्तकार दादा, कब्जामागची आतली पट्टी किती जाडीची घेतली? आणि आतलं हँडल किती उंचीवर?

मोर्शीचा_कास्तकार
२२ डिसेंबर, रात्री ९.५०

पट्टी ३ मिमी, ॲल्युमिनियमचीच, कब्जापेक्षा चारी बाजूंनी वीस मिमी मोठी. बोल्ट ६ मिमीचे, स्टेनलेस. आवळताना जपून, आत नुसता थर्माकोल आहे, जास्त आवळलं की पत्रा दबतो. बोल्ट जिथे येतात तिथे आतून लाकडी ठोकळे भरून घ्या.

हँडल आधी १०५० मिमीवर होतं, उभं फिरवायचं. बाबांना डाव्या हातानं ते जमत नव्हतं. आता फरशीपासून ८२० मिमीवर आडवी दांडी आहे, खाली दाबली की उघडते. बाबांना पलंगावर बसवून त्यांचा डावा हात सहज जिथे पोचला तिथे खूण केली होती. तुमच्या घरातल्या माणसाला बसवून खूण करा, माझा आकडा घेऊ नका.